हलकी फोर-स्ट्रोक स्नोमोबाईल: शौकिनांची मतं कशी वाचावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मिनेसोटाच्या उत्तर भागात राहता, ६०० सीसीची टू-स्ट्रोक चालवता, आणि आता पत्नीलाही ट्रेलवर यायचं असल्यामुळे घरात दुसरी गाडी हवी आहे. साठेक हॉर्सपॉवरची नवी, हलकी म्हणवणारी फोर-स्ट्रोक तुम्हाला आवडली. पण शौकिनांची मतं वाचायला गेलात आणि गोंधळ वाढला. एक म्हणतो, फोर-स्ट्रोक पहिल्यापासून अशीच हवी होती. दुसरा म्हणतो, थ्रॉटल दाबला तरी गाडी विचार करून मग निघते. तिसरा म्हणतो, हलकी कसली, खोल बर्फात रुतली तेव्हा दोघांना उचलवली नाही. यातलं कोणाचं धरायचं?

तिघांचंही धरा. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत आहेत. पहिला बहुधा जुन्या, जड फोर-स्ट्रोकवरून उतरून या गाडीवर बसला आहे. दुसरा टू-स्ट्रोकवरून आला आहे. तिसरा ही गाडी तिच्यासाठी नसलेल्या बर्फात घेऊन गेला होता. स्नोमोबाईलबद्दलचं कुठलंही मत वाचताना मी आधी दोनच गोष्टी शोधतो: हा माणूस कुठल्या बर्फात फिरतो, आणि याची आधीची गाडी कुठली होती. त्या कळल्या नाहीत तर मत कितीही आवेशाने मांडलेलं असो, त्याचा खरेदीला काही उपयोग नाही. माझा धंदा या गाड्या दुरुस्त करण्याचा, आणि हंगामात गटांना घेऊन ट्रेलवर जाण्याचा. त्यामुळे नवी गाडी आली की तिचं कौतुक आणि तिच्याविषयीची कुरकुर, दोन्ही माझ्या बाकापर्यंत येतात.

आधी 'हलकी' म्हणजे काय ते पाहू, कारण निम्मे वाद तिथेच आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. तेवढीच ताकद काढायची तर फोर-स्ट्रोकला जास्त सीसी लागतात किंवा जास्त फेरे लागतात. शिवाय व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, तेलाची टाकी नाहीतर संप, भक्कम स्टार्टर आणि बॅटरी हे सगळं सोबत येतं. हे वजन कुठल्याही कंपनीला जादूने नाहीसं करता येत नाही. यामाहाने २००३ सालच्या मॉडेलात आर-१ मोटरसायकलच्या इंजिनावर बेतलेली आरएक्स-१ आणली, तेव्हा फोर-स्ट्रोकही टू-स्ट्रोकच्या तोडीने पळू शकते हे पहिल्यांदा सगळ्यांना पटलं. १४० च्या घरातली हॉर्सपॉवर होती. पण कोरडं वजनही, म्हणजे पेट्रोल वगैरे न भरता, अडीचशे किलोच्या वर होतं. त्या गाडीचे भक्त आजही भेटतात, आणि तिच्यावरून उतरल्यावर खांदे चोळणारेही.

मग हलकं करायचं कसं? खरं तर रस्ता एकच: इंजिन लहान करा आणि ताकद कमी आहे हे मान्य करा. त्यातही दोन वेगळ्या वाटा निघाल्या. यामाहाने २००७ च्या मॉडेलात फेझर हे जुनं नाव पुन्हा वापरून ४९९ सीसीची दोन सिलिंडरची गाडी आणली. वायझेड-२५०एफ या मोटोक्रॉस मोटरसायकलचेच बोअर आणि स्ट्रोक, दोनदा. सुमारे ८० हॉर्सपॉवर, पण ती काढायला इंजिन मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्याही वर फिरवावं लागे. एवढ्या वेगात पट्ट्याचा क्लच फिरवणं परवडत नाही, म्हणून मध्ये फेरे कमी करणारे गिअर घालावे लागले. दुसरी वाट रोटॅक्सची, म्हणजे स्की-डूच्या गाड्यांना इंजिनं पुरवणाऱ्या कंपनीची. २०११ च्या स्की-डू गाड्यांत आलेलं ६०० एस (ACE) इंजिन उगाच ओरडत नाही. साधारण ६० हॉर्सपॉवर, शांत स्वभाव, आणि सगळा भर पेट्रोल वाचवण्यावर. कंपनीने तेव्हा गॅलनला २९ मैल सांगितले होते, म्हणजे लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास. रोजच्या चालवण्यात तेवढे पडत नाहीत, पण त्याच ट्रेलवर शेजारी धावणाऱ्या टू-स्ट्रोकपेक्षा ही गाडी पंपावर नक्कीच कमी वेळा थांबते.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ६०० एसची ट्रेलवरची साधी आवृत्ती कोरडी दोनशे किलोपेक्षा थोडी वर भरायची. त्याच सुमाराच्या ६०० सीसीच्या टू-स्ट्रोक त्याच सांगाड्यात दोनशेच्या थोड्या खाली होत्या. फरक दहा-बारा किलोंचा, तक्रार करण्याजोगा नाहीच. पण टू-स्ट्रोक तेवढ्याच ६०० सीसीतून जवळपास दुप्पट ताकद देत होती. जाहिरातीत वजनाचा आकडा ठळक असतो, आणि मत देणारा शौकीन ताकदीबद्दल बोलत असतो. दोघांचं भांडण लागतं ते यामुळे. वजनाच्या तक्त्यात ही गाडी टू-स्ट्रोकच्या शेजारी बसते, पण दर किलोमागे मिळणाऱ्या ताकदीत ती तिच्या जवळपासही नाही.

त्यात 'कोरडं वजन' हा प्रकारही समजून घ्या. पेट्रोल नाही, कूलंट नाही, बहुतेक वेळा तेलही नाही, असं ते वजन. चाळीस लिटरची टाकी भरली की तीस किलो वाढले. टनेलखाली (सीटखालच्या पत्र्याच्या बोगद्यात) आणि स्किडमध्ये (गाडी पुढे ढकलणाऱ्या रबरी ट्रॅकच्या आतल्या सस्पेन्शनच्या सांगाड्यात) बर्फ गोठून बसतो तो वेगळाच. टू-स्ट्रोकचा आकडा कधीकधी इलेक्ट्रिक स्टार्टशिवायच्या साध्या आवृत्तीचा असतो, आणि ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याने मात्र तो बसवून घेतलेला असतो. म्हणून दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून काढलेल्या फरकावर मी तरी पैज लावणार नाही. तेल-पाणी-पेट्रोल भरलेल्या दोन्ही गाड्या कोणी खरोखर काट्यावर चढवल्या असतील, तर ते मत वाचण्यासारखं.

किती वजन याच्याइतकंच ते कुठे बसलं आहे हेही महत्त्वाचं. पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरली तर चालता येतं, तीच हात लांब करून धरली तर चार पावलांत खांदा भरून येतो. फोर-स्ट्रोकचं इंजिन उंच आणि पुढे बसलं की तसंच होतं. वजन स्कींवर येतं, वळणात गाडी सरळ पुढे सरकू पाहते, हँडल जड होतं. यामाहाने २०११ च्या अपेक्सवर स्नोमोबाईलमधलं पहिलं पॉवर स्टिअरिंग दिलं, त्यामागे हेच दुखणं होतं. लहान दोन सिलिंडरच्या इंजिनाचा खरा फायदा मला इथे दिसतो. ते अरुंद असतं, खाली आणि मागे सरकवून बसवता येतं. त्यामुळे काट्यावर दहाच किलो वाचले असले तरी हाताला वीस वाचल्यासारखे वाटतात. नवी गाडी 'वळायला हलकी' वाटते असं सांगणारे लोक म्हणूनच चुकत नाहीत, आणि 'उचलायला जड' म्हणणारेही नाहीत.

'पुढून जड' ही तक्रार मात्र सरसकट इंजिनाच्या नावावर खपवू नका. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिचं सस्पेन्शन एका सरासरी माणसासाठी लावलेलं असतं, आणि तो सरासरी माणूस मला अजून भेटायचा आहे. माझ्याकडे ही तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत मी आधी स्किडचा लिमिटर स्ट्रॅप पाहतो. तो आखूड असेल तर स्किडचा पुढचा भाग वर ओढलेला राहतो आणि स्कींवरचा भार वाढतो. एखादं भोक सैल सोडलं, मधल्या शॉकच्या स्प्रिंगला थोडा ताण वाढवला, की नाक हलकं होतं. मागचे टॉर्शन स्प्रिंग चालकाच्या वजनाच्या मानाने फार कडक असतील तरी मागची बाजू उचललेली राहते आणि सगळा भार पुढे लोटला जातो. हलक्या बांध्याच्या माणसाला हे हमखास जाणवतं. म्हणून पत्नीसाठी गाडी घेणार असाल तर मागचे स्प्रिंग त्यांच्या वजनाला लावून घ्या, तुमच्या नव्हे. आणि उलट टोकाला जाऊ नका. स्कींवरचा भार फार कमी केला तर थ्रॉटल दाबताच नाक उचलतं आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते. एका वेळी एकच बदल करा, आणि तो केल्यावर ट्रेलवर थोडं चालवून पाहा. स्कींच्या तळाचे, बर्फात धरून ठेवणारे कार्बाइड झिजलेले असतील तर या सगळ्या उठाठेवीआधी ते बदला.

आता 'थ्रॉटल दाबला तरी विचार करून निघते' या तक्रारीकडे येतो. ही बहुतेक करून खरी आहे. टू-स्ट्रोक हलक्या क्रँकमुळे झटकन फेरे घेते, तिची ताकद एका ठिकाणी एकदम उसळते, आणि ती उसळी अंगात भिनलेल्या माणसाला फोर-स्ट्रोकची सपाट, एकसारखी चाल निर्जीव वाटते. त्यात साठ हॉर्सपॉवर. मोकळ्या, गोठलेल्या तळ्यावर ताशी शंभर किलोमीटरच्या वर काटा पोचतो, पण शंभर ते एकशे वीसच्या मधली चढण लांबच लांब वाटते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: इतक्या कमी ताकदीत क्लचची नीट जुळणी असणं चैनीचं राहत नाही. १२० हॉर्सपॉवरच्या गाडीत क्लचच्या वजनांत, स्प्रिंगमध्ये थोडी गडबड असली तर ती खपून जाते. साठच्या गाडीत तेवढीच गडबड जाणवते, इंजिन आपल्या ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. पट्टा झिजलेला, क्लचच्या पृष्ठभागावर पट्ट्याची काळी पूड बसलेली, ट्रॅक गरजेपेक्षा घट्ट ताणलेला, यातलं काहीही चालेल असं समजू नका. त्यातून कोणी हौसेने उंच दातांचा ट्रॅक बसवला, तर तो दात फिरवण्यातच ताकद जाते. सव्वा इंचाचे दात ट्रेलला पुरेत.

इंजिन ब्रेकिंगवर मतं सगळ्यात जास्त फाटतात. थ्रॉटल सोडला की फोर-स्ट्रोक गाडी मागे ओढते. मोठ्या यामाहांत हे फार जाणवायचं. लहान इंजिनांत कमी, पण असतं. टू-स्ट्रोकवाला वळणाआधी थ्रॉटल सोडून गाडी वाहू देतो. फोर-स्ट्रोकमध्ये त्याच क्षणी वजन पुढे येऊन स्की रुततात आणि त्याला वाटतं गाडीत खोट आहे. खोट नाही, सवय वेगळी आहे. वळणात थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, किंचित धरून ठेवायचा. जुनी सवय नसलेल्या नव्या चालकाला हे शिकवावं लागत नाही. त्याला उलट उतारावर गाडी आपोआप आवरते हेच आवडतं. माझ्या गटांत पहिल्यांदा चालवणाऱ्यांना मी शक्यतो अशीच गाडी देतो. दुपारनंतर दमलेला नवखा माणूस थ्रॉटलवर जे चुकीचं दडपण देतो, ते ही गाडी पोटात घालते.

तिसऱ्या मताबद्दल, खोल बर्फाबद्दल, फार लिहायची गरज नाही. नेऊ नका. रॉकीजमध्ये भुसभुशीत बर्फात गाडी तरंगवायला लांब ट्रॅक, अडीच-तीन इंचांचे दात आणि भरपूर ताकद लागते, आणि उंचीवर हवा विरळ झाली की ताकदच आधी पळते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटते. वायोमिंगमधली टोग्वोटी खिंड साडेनऊ हजार फुटांच्या वर आहे. तिथे तुमच्या साठातले चाळीस-बेचाळीस उरतील. डोंगरातले शौकीन या गाडीची टिंगल करतात ती त्यांच्या जागी रास्तच आहे. त्यांच्यासाठी कंपन्यांनी दुसरीच वाट काढली: स्की-डूने २०२० च्या हंगामात ८५० सीसीच्या टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो लावला आणि पोलारिसने २०२२ मध्ये. तुम्ही दोन-चार वर्षांतून एकदा पश्चिमेला जात असाल तर तिथली गाडी तिथेच भाड्याने घ्या.

थंडीबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण शौकिनांच्या मतांत याविषयी अर्धवट माहिती खूप असते. 'फोर-स्ट्रोक थंडीत चालू होत नाही' असं म्हणणारे बहुधा बॅटरीबद्दल बोलत असतात. उणे वीसच्या खाली बॅटरीची क्षमता खूपच घटते, इंजिनातलं तेल दाट होतं, आणि ६०० एससारख्या इंजिनाला दोरी ओढून चालू करायची सोयही नाही. बॅटरी गेली तर जंगलात तुम्ही अडकलात. उपाय सोपे आहेत. कंपनीने सांगितलेलं पातळ सिंथेटिक तेल घाला, सहसा ०डब्ल्यू-४०. गाडी उभी असताना बॅटरीला मेंटेनर, म्हणजे ती भरलेली राखणारा छोटा चार्जर, लावून ठेवा. आणि बॅटरी मरेपर्यंत वाट पाहू नका, आधीच बदला. याच्या उलट, एकदा चालू झाली की फोर-स्ट्रोक थंडीत शहाण्यासारखी वागते. धूर नाही, कपड्यांना वास नाही, तळ्यावर मासे पकडायला जाऊन तासभर हळूहळू फिरलात तरी प्लग काळे पडत नाहीत.

एक तोटा मात्र शोरूममध्ये कोणी सांगत नाही. घरापासून दुकानापर्यंत, दुकानापासून तळ्यापर्यंत अशा आखूड फेऱ्या घातल्या तर तेल नीट तापत नाही. ज्वलनातली वाफ आणि थोडं पेट्रोल त्यात उतरतं, तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढते, आणि तेल दुधाळ दिसू लागतं. लोक घाबरून हेड गॅस्केट गेलं म्हणून गाडी घेऊन येतात. बहुतेकदा तेल बदलायचं असतं आणि दर काही दिवसांनी गाडी नीट तापेपर्यंत, अर्धा-पाऊण तास सलग, पळवायची असते. इंजिन थंड असताना जागेवरच नुसतं घुरघुरत ठेवण्याने हे सुधारत नाही, बिघडतं.

आवाजाला शौकीन फार किंमत देत नाहीत. मी देतो. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या ट्रेलचा मोठा भाग खासगी जमिनींवरून जातो, क्लबांनी शेतमालकांकडून परवानगी घेतलेली असते, आणि ती परवानगी कशामुळे जाते हे क्लबातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. रात्री अकराला घराजवळून मोकळ्या सायलेन्सरची गाडी गेली की पुढच्या वर्षी तिथे कुंपण दिसतं. यलोस्टोनमध्ये राष्ट्रीय उद्यानाने आवाज आणि धुराच्या कडक अटी घातल्या, तेव्हा तिथल्या भाड्याच्या गाड्यांत जवळपास फक्त फोर-स्ट्रोकच उरल्या. ६०० एसच्या गाड्यांची कामाच्या ठिकाणी, भाड्याने देणाऱ्यांकडे इतकी चलती झाली त्यात पेट्रोलइतकाच शांतपणाचाही वाटा आहे. शौकीन 'आवाजात मजा नाही' म्हणतो तेव्हा तो दिवसभराच्या फेरीनंतर कान वाजत नाहीत हे सांगायला विसरतो.

मतं कधी लिहिली गेली तेही पाहा. पहिल्या हंगामातली मतं पैसे मोजलेल्या माणसाची असतात, नाहीतर न मोजलेल्याची. दोघांनाही आपला निर्णय बरोबर ठरवायचा असतो. मी दुसऱ्या हंगामानंतरचं लिखाण शोधतो. तोवर पट्टा बदललेला असतो, तेल दोनदा बदललेलं असतं, बॅटरीने एक उन्हाळा काढलेला असतो, आणि गाडी विकायची वेळ आलेल्यांनी किंमत विचारून झालेली असते.

आता तुमच्यापुरतं. तुमच्या भागातला दाबून सपाट केलेला ट्रेल, नवी चालक, दिवसाकाठी दीडशे-दोनशे किलोमीटर: पत्नीसाठी ही गाडी घ्या, डोळे झाकून. तुम्हाला स्वतःला मात्र ती पुरणार नाही. सहाशेच्या टू-स्ट्रोकवरून आलेल्या माणसाचा थ्रॉटल दाबणारा अंगठा महिन्याभरात कुरकुर करायला लागतो. पुढे तुमची गाडीही फोर-स्ट्रोकच हवी झाली तर ९०० एस पाहा, ती ९० हॉर्सपॉवरच्या आसपास आहे. तिचीच टर्बो आवृत्ती २०१९ मध्ये १५० हॉर्सपॉवरची आली, पण मग हलकेपणाचा मुद्दा तिथेच संपतो. जुनी फेझर स्वस्तात मिळते म्हणून मोह पडत असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाईलचा धंदा बंद करायचं जाहीर केलं आणि २०२५ ची मॉडेलं शेवटची ठरली. सुटे भाग देत राहू असं त्यांनी सांगितलं आहे. तरी फेझरचं इंजिन सतत चढ्या फेऱ्यांत चालतं, म्हणून ती तेलाकडे नीट लक्ष देणाऱ्याच्या हातची असेल तरच घ्या.

जुनी बघायला जाल तेव्हा आधी कळवून सांगा की गाडी थंडच ठेवा. तापवून ठेवलेल्या गाडीवरून बॅटरीचं काही कळत नाही. डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर असली, तर ती गाडी आखूड फेऱ्यांत वापरली गेली आहे. तेवढ्यावरून नाकारू नका, पण ताजं तेल आणि फिल्टर घालून अर्धा तास पळवून पुन्हा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मग क्लचचं झाकण उघडून पट्टा बघा, आणि मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक हाताने फिरवा. बेअरिंग गेलेलं असेल तर तो खरखर करतो, आणि ते काम स्वस्तात होत नाही.